काटेमास्तरांचे पंचवीस घोडे

काटेमास्तर शाळेतले मास्तर नव्हते. शहराबाहेर, जिथे खडी, वाळू आणि भंगार भरलेले ट्रक रांग लावून उभे राहतात, तिथल्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. केबिन आठ फूट बाय सहा फूट. एक काच, एक टेबल, एक शिक्का आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देणारा एक पंखा. काचेबाहेर जमिनीच्या पातळीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म. भरलेला ट्रक त्यावर चढला की एक आकडा. माल उतरवून तोच ट्रक रिकामा परत आला की दुसरा आकडा. पहिल्यातून दुसरा वजा केला की चिठ्ठीची खालची ओळ : निव्वळ. लोकांना देणंघेणं असायचं ते या खालच्या ओळीशी. वरच्या दोन ओळी मास्तर लिहीत, पण वाचत नसत. जिन्याच्या पायऱ्या कोण वाचत बसतं?

ड्रायव्हर लोक युक्त्या करत. भरल्या फेरीला सीटखाली क्लीनर झोपवायचा, म्हणजे माल तेवढा जास्त दिसतो. मास्तर काचेतूनच टायरच्या पोटाकडे बघत आणि खिडकी सरकवून म्हणत, "त्याला उतरव. साठ किलोचा असेल. आणि खाली जॅक ठेवलायस, तोही उतरव."

वजनाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची गय केली नाही. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात आली. कोबी हातात घेतला की ते म्हणत, "सातशे ऐंशी." नात धावत येऊन मांडीवर बसली की आधी आकडा आणि मग पापा. पाहुणे त्यांच्यासमोर खुर्चीत जरा अलगद बसत, म्हणजे तिची करकर मास्तरांना ऐकू जाणार नाही.

फक्त एका माणसाचं वजन मास्तरांनी कधी उच्चारलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरीणबाई त्यांच्या देखत कधी काट्यावर चढल्या नव्हत्या. गेल्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा त्यांनी मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार आतून लावून घेतलं. पण औषधाच्या दुकानात दाखवायला कागद मास्तरांच्याच हातात आला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : एक्याऐंशी. मास्तरांनी तो कागद जिन्यात उभं राहून वाचला, चार घड्या करून पाकिटात ठेवला आणि त्यावर आजतागायत एक शब्द काढला नव्हता.

मास्तरीणबाईंची थोरली बहीण तलावाच्या पलीकडच्या काठावर राहायची. पाण्यावरून नऊ किलोमीटर. रस्त्याने जायचं तर अख्ख्या तलावाला वळसा, साडेतीन तास, आणि शेवटचा तासभर रस्ता असा की धडधाकट माणसाचाही गुडघा दुखावा. म्हणून तीन वर्षं दोघी बहिणींची भेट फोनवरच होत होती. थोरली फोनवर काय शिजवलं ते सांगायची, आणि इकडे मास्तरीणबाई त्यात मीठ जास्त झालं असणार असं म्हणायच्या.

मग एक दिवस थोरलीने सांगितलं की घर विकलंय, महिनाअखेर ती मुलाकडे कायमची जाणार. मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. ओटा आधीच स्वच्छ होता.

त्याच सुमारास मास्तरांची बोट आली. निवृत्तीनंतर त्यांनी एवढी एकच हौस केली होती. वीस फुटांची पाँटून बोट. खाली ॲल्युमिनियमचे दोन लांब पोकळ नळ, त्यांवर सपाट फळी, कडेने कठडा, चार सोफे आणि वर कापडी छत. ट्रेलरवर बसून ती घरासमोर उभी राहिली तेव्हा मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "ही तर गच्ची आहे. खालचं घर कुठे राहिलं?"

"पाण्यावर गेली की बघशील."

"मला एवढंच बघायचंय. ताई जायच्या आत मला तिच्याकडे न्या. बारा वाजता तिच्या स्वयंपाकघरात जेवायला बसायचं आणि अंधाराच्या आत घरी. जमलं तर बोट. नाही जमलं तर मी हिच्यावर गाद्या वाळत घालीन, कायमच्या."

बोटीला इंजिन अजून बसवलेलं नव्हतं. ते वेगळं घ्यायचं होतं, आणि किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं हा प्रश्न घरात आठवडाभर पाहुण्यासारखा राहिला. जेवायला सगळ्यांबरोबर बसला, सकाळी सगळ्यांआधी उठला.

जावई दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "बाबा, नव्वदच्या खाली जाऊच नका. जोर हाताशी असलेला बरा."

"जावईबापू, आपल्याला तलाव ओलांडायचाय, उपटायचा नाही."

"मग साठ तरी घ्या."

"साठ का? एकसष्ट का नाही? अठ्ठावन्न का नाही?"

"सगळे साठ-नव्वदच घेतात."

"सगळे अंदाजाने घेतात," मास्तर म्हणाले. "मी वजन करून घेणार."

मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानात विचारा ना सरळ." पण चौतीस वर्षं ज्याच्या काचेसमोर शहराची इमारतन् इमारत आधी खडी होऊन उभी राहिली होती, त्याने कुणाला काय विचारावं? त्यांनी माहितीपत्रक वाचलं होतं. त्यात एक सोपा हिशेब होता : दर वीस किलो वजनाला एक हॉर्सपॉवर धरावी, म्हणजे बोट चांगली पळते. वजन म्हणजे मास्तरांचा प्रांत.

शनिवारी सकाळी त्यांनी जीपमागे ट्रेलर लावला आणि बोट आपल्या जुन्या काट्यावर नेली. जीप सोडवून पुढे उभी केली. प्लॅटफॉर्मवर फक्त ट्रेलर, ट्रेलरवर बोट आणि बोटीत अख्खं कुटुंब : मास्तर, मास्तरीणबाई, मुलगी, जावई आणि आठ वर्षांची नात. शिवाय उद्याचं सगळं सामान. पेट्रोलची टाकी, नांगर, दोर, बर्फाची पेटी, चार घडीच्या खुर्च्या आणि डब्यांच्या दोन पिशव्या. मागे खडीचे सात ट्रक थांबले होते. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "मास्तर, हा कुठला माल?"

"घरचा," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. आकडा सगळ्यांचा मिळून एकच येणार, अशी मास्तरांकडून शपथ घेऊनच त्या चढल्या होत्या. "आणि आता कुणी एकेक करून उतरायचं नाही," त्या म्हणाल्या. "उतरायचं तर सगळ्यांनी एकदम."

केबिनमध्ये बसलेल्या नव्या माणसाने आदराने आकड्याची पाटी काचेकडे वळवली. मास्तरांनी बोटीतूनच स्वतः आकडा वाचला : एक हजार आठशे नव्वद. मग सगळे एकदम उतरले, सामान उतरलं, आणि गाडी रिकामी झाली. एक हजार चारशे. मास्तरांनी केबिनमध्ये जुन्या खुर्चीवर बसून वजाबाकी केली, शिक्का मारला, सही केली. निव्वळ : चारशे नव्वद. भागिले वीस. साडेचोवीस.

"पंचवीस," ते म्हणाले. "अर्धा घोडा वर. तो वाऱ्यासाठी."

जावई काही बोलायला गेले, पण सासऱ्याच्या हातातला शिक्का अजून ओला होता.

इंजिनांचं दुकान एका बाईचं होतं. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात, कानाच्या पाळीला काळं तेल. इंजिनं भिंतीला ओळीने लटकलेली होती, डोकी वर, पंखे खाली, झोपलेल्या वटवाघळांच्या नेमकी उलटी. मास्तरांनी पंचवीसचं इंजिन मागितलं तसा तिने चष्मा लावला.

"किती फुटी बोट?"

"वीस."

"वीस फुटी पाँटूनला पंचवीस?"

"वजन करून आलोय."

"बोट ॲल्युमिनियमचीच आहे ना? कागदाची नाही?"

"बाई, वजन काट्यावर केलंय. ही चिठ्ठी."

तिने चिठ्ठी घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, मग मास्तरांकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होती. पण मास्तर अशा चेहऱ्याने उभे होते की त्या चेहऱ्याला काही सांगणं म्हणजे बंद खिडकीला पत्ता विचारणं. ती म्हणाली, "चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या. आणि इंजिनाला ओरखडा पडू देऊ नका. तुम्ही परत याल."

"आम्ही कशाला परत येऊ?"

"लोक येतात," ती म्हणाली आणि चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचली.

रविवारी साडेदहाला बोट पाण्यात उतरली. आकाश निरभ्र, वारा समोरून. मास्तरांनी चाक धरलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन एखाद्या नम्र माणसाने घसा साफ करावा तसं बोललं. बोट निघाली. सगळ्यांनी हात हलवले, पण निरोप द्यायला काठावर कुणीच नव्हतं, त्यामुळे हात लवकर खाली आले.

पहिला टप्पा धरणाच्या भिंतीला समांतर होता. भिंतीवरून एक माणूस पंक्चर झालेली सायकल ढकलत चालला होता. सुरुवातीला तो बोटीच्या मागे होता. मग बरोबरीला आला. नात त्याच्याकडे बघून हसली, तोही हसला. थोड्या वेळाने तो पुढे गेला. वळणावर थांबून त्याने एकदा मागे बघितलं, त्यात इतकी माया होती की जावयांनी मान फिरवली.

"बाबा, अजून द्या ना," मुलगी म्हणाली.

"पूर्ण दिलंय."

"पूर्ण म्हणजे एवढंच?"

भिंत संपली, उघडं पाणी आलं, आणि वाऱ्याने बोटीचं सपाट तोंड आणि कापडी छत दोन्ही हातांनी धरलं. इंजिन ओरडत होतं. पाणी मागे जात होतं, पण काठ जागचा हलत नव्हता. साडेअकरा झाले. पलीकडचा काठ जितका लांब होता तितकाच लांब राहिला. मास्तरीणबाईंनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी डब्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद सोडून पुन्हा बांधले.

मास्तर मनात हिशेब तपासत होते. एक हजार आठशे नव्वद. वजा एक हजार चारशे. चूक नाही. चारशे नव्वद. वीसने भाग. चूक नाही. असा चोख हिशेब आणि पाणी मात्र ऐकत नाही. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की पाण्याला काटा नसतो. पाणी खालची ओळ वाचत नाही, त्याच्यावर जे जे पडतं ते सगळं ते उचलतं. तेवढ्यात त्यांच्या पायाखाली फळी थरथरली. मास्तरांनी खाली बघितलं. फळी. फळीखाली चौकट. चौकटीखाली ते दोन नळ. हे सगळं कुठल्या ओळीत होतं?

ट्रेलरबरोबर वजा केलेल्या ओळीत होतं. चौतीस वर्षं काट्यावर जे रिकामं परत येतं ते गाडीचं वजन, ते मालात धरायचं नसतं. ट्रेलर सोडायचा होता, हे बरोबर. पण ट्रेलरवर बोट होती, आणि मास्तरांनी तीही गाडीतच सोडून दिली. त्यांनी माणसं ओढायला इंजिन घेतलं होतं, सामान ओढायला घेतलं होतं, पेट्रोल ओढायला घेतलं होतं. नुसत्या बोटीसाठी एकही घोडा ठेवला नव्हता.

त्यांचे कान तापले. इंजिनवालीने चिठ्ठी वरपासून का वाचली, तेही आत्ता कळलं.

"अहो," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काय झालं ते सांगा. तोंड का असं झालंय?"

"बोट राहिली," मास्तर म्हणाले.

"कुठे राहिली? आपण तिच्यावरच बसलोय."

"हिशेबात राहिली. बोटीचं वजन धरलंच नाही मी."

जावयांनी ओठ असे मिटून घेतले की दातांचा डॉक्टरही ते उघडू शकला नसता. शेवटी नात म्हणाली, "म्हणजे आजोबांनी आपल्याला मोजलं आणि बोटीला विसरले."

"हो," मास्तर म्हणाले. "आता वजन कमी करायचं."

अर्ध्या वाटेवर पाणीपुरवठ्याचं पंपघर होतं, तिथे सिमेंटचा धक्का. मास्तरांनी बोट तिकडे वळवली. दुसरं काही जमो न जमो, उतरवून घेणं त्यांना जमत होतं. बर्फाची पेटी उतरली, खुर्च्या उतरल्या, जादा दोर उतरला. "आता माणसं," ते म्हणाले. "जावईबापू, तुमचं किती?"

"पंच्याऐंशी असेल."

"ब्याण्णव," मास्तर म्हणाले. "उतरा."

"बाबा, सकाळी उपाशीपोटी पंच्याऐंशीच्या आसपास..."

"उपाशीपोटी ब्याण्णव. जेवल्यावर मी बोलतच नाही."

मुलगी हसता हसता उतरली, तिच्यामागे नातही. तिघंजण पंपघराच्या सावलीत घडीच्या खुर्च्यांवर, बर्फाची पेटी मधे घेऊन बसले. जावयांनी सासूबाईंना हात केला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, जेवून घ्या. आमची वाट बघू नका."

मग बोटीवर दोघंच राहिले. मास्तरांनी कापडी छत उतरवून गुंडाळलं आणि वाऱ्याच्या हातातलं धरायचं काहीतरी काढून घेतलं. बोट चालू लागली. पळाली नाही, पण चालली. एकेचाळीस वर्षांत दोघंजण एवढा वेळ एकमेकांसमोर न बोलता बसले नव्हते. ऊन पाण्यावर जुन्या पत्र्यासारखं वाजत होतं.

"बारा वाजून गेले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"ती थांबलेली असेल."

"थांबेल ती."

"तुम्हाला काय माहीत? तिला भूक निघत नाही. लहानपणी माझ्या वाटणीचं पण खायची." आणि त्यांनी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते आणि ते वाऱ्यामुळे असं सांगावं लागलं असतं.

ते पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. थोरली धक्क्यावर स्टूल टाकून बसली होती. तिने दुर्बीण आणली होती, आणि दीड तास ती एकाच जागी असलेली बोट बघत होती.

"मला वाटलं, तुम्ही मासे पकडताय," ती म्हणाली.

"हे वजन पकडत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात ताटं झाकून ठेवली होती. थोरली जेवली नव्हती. अन्न गार झालं होतं आणि भाजीत मीठ खरंच जास्त होतं. मास्तरीणबाईंनी तसं सांगितलं. "फोनवर म्हणायचीस तेव्हा कमी असायचं," थोरली म्हणाली, "मग मीच वाढवलं." तासाभरातच निघावं लागलं, कारण अंधार आणि पंपघरावरची तीन माणसं. धाकटीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात टेकवला, जसा कुणी तापलेल्या माणसाच्या कपाळावर टेकवतो, आणि म्हणाली, "हे काही जेवण झालं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा येते. आणि येताना तुला, तुझ्या दोन ट्रंकांसकट, घेऊन जाते. स्टेशन आमच्या काठालाच आहे. या रस्त्याने हाडं खिळखिळी करत कशाला जातेस?"

थोरलीने बोटीकडे बघितलं. मग मास्तरांकडे. "हिच्यातून? मुलगा महिनाअखेर वाट बघतोय. या वर्षीच्या ना?"

परतीला वारा मागून होता, म्हणून बोट मुकाट्याने आली. पण सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मास्तर इंजिनांच्या दुकानाबाहेर उभे होते, आणि या वेळी मास्तरीणबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "आता मी ऐकणार, काय काय मोजताय ते."

इंजिनवालीने दार उघडलं, दोघांना बघितलं आणि काही न विचारता खिळ्यावरची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मधल्या ओळीखाली तिने पेन्सिलीने एक रेघ आधीच मारलेली होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

मास्तरांनी पेन्सिलीच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"ओरखडा पडला का?"

"नाही."

"मग बदलून देते. पण ही चिठ्ठी चालणार नाही. येत्या रविवारी जे जाईल आणि येईल ते एकेक सांगा, मी बेरीज करते. वजाबाकी कुणी करायची नाही." तिने कागद ओढला. "बोट?"

"नऊशे वीस. ट्रेलरच्या पाटीवर चारशे ऐंशी आहे, तो सोडून."

"पेट्रोल, नांगर, बाकीचं?"

"नव्वद."

"माणसं?"

"मी अडुसष्ट. मेव्हणी साठ. तिच्या ट्रंका दोन मिळून सत्तर. मुलगी, जावई, नात मिळून एकशे एक्याऐंशी. जावई ब्याण्णव."

"आणि बाईसाहेब?"

मास्तर समोरच्या इंजिनाकडे बघत राहिले. मास्तरीणबाईंनी पदर सारखा केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बहात्तर."

चौतीस वर्षांत मास्तरांच्या काचेसमोर असा आकडा आला असता तर खिडकी सरकली असती. त्यांचा हात नकळत पाकिटावर गेला, जिथे चार घड्यांचा कागद होता. तो तिथेच राहिला.

"बहात्तर," मास्तर म्हणाले. "लिहा."

इंजिनवालीने लिहिलं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि मग भिंतीवरची इंजिनं बघायला जरा पुढे सरकल्या. बाईने बेरीज करून रेघ मारली आणि पेन्सिल खाली ठेवणार, तोच मास्तर खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले,

"वर नऊ किलो धरा."

"कशाचे?"

"वाऱ्याचे."

इंजिनवालीने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग इंजिनांसमोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंकडे. तिने खाली नऊ लिहिले, पुढे 'वारा' असं लिहिलं, आणि म्हणाली, "पंचाहत्तर घोडे लागतील."

"नव्वद द्या," मास्तर म्हणाले. "वारा वाढतोय असं दिसतंय."

"मी ऐकतेय," मास्तरीणबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"पंचाहत्तर द्या," मास्तर म्हणाले.